नाशिकला संशोधकाची जागा हवी

चार आकडी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. १९३० घेऊ. अंक उतरत्या क्रमाने लावले की ९३१०, चढत्या क्रमाने ०१३९. वजाबाकी ९१७१. पुन्हा तेच करा: ९७११ वजा ११७९, म्हणजे ८५३२. आणखी एकदा: ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा केलंत तरी ६१७४ च येणार. १९६२ घेतलंत तर दोनच पायऱ्यांत तिथे पोहोचाल. कोणतीही संख्या असो, सातापेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. जगभरचे गणिती या ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. १९३० साली दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची शाळेतली नोकरी सुरू झाली आणि १९६२ साली ते निवृत्त झाले. ही सगळी वर्षं ते देवळालीत शाळामास्तर होते.

कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. पदव्युत्तर शिक्षण नाही, म्हणून विद्यापीठात जागा नाही. हा माणूस सायकलवरून शिकवण्या करत हिंडला, नदीकाठी बसून संख्यांचा विचार करत राहिला. शोधलेलं छापायला कुणी नसेल तेव्हा देवळालीहूनच स्वतः पुस्तिका छापत राहिला. स्वयंभू संख्या, हर्षद संख्या, डेम्लो संख्या ही सगळी त्यांची देणगी. लोक त्यांना ‘गणितानंद’ म्हणत. मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं ते मार्च १९७५ मध्ये. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते आणि निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. १९६६ साली पत्नी गेल्यावर पेन्शन पुरेना, म्हणून त्यांना गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९८६ साली ते गेले.

त्यांच्या आधी काही वर्षं मद्रासमध्ये काय झालं ते आठवा. श्रीनिवास रामानुजन यांच्याकडे पदवीसुद्धा नव्हती. १९१२ साली ते पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. पण १९१३ च्या मे महिन्यात मद्रास विद्यापीठाने नियम बाजूला ठेवून त्यांना महिना पंचाहत्तर रुपयांची संशोधनवृत्ती दिली. काम काय, तर फक्त गणित करायचं. दोघांच्या प्रतिभेची तुलना मला करायची नाही. पण एकाला संशोधनासाठी जागा मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही, एवढं मात्र खरं. नाशिककर कापरेकरांचं नाव अभिमानाने घेतात आणि घ्यावंच. तरीही बत्तीस वर्षं या माणसाने फावल्या वेळात गणित केलं, ही गोष्ट मला अभिमानापेक्षा जास्त खुपते. कारण आजही नाशिकमध्ये विज्ञान आणि अभियांत्रिकीतलं बरंचसं संशोधन फावल्या वेळातच चाललेलं आहे.

हे शहर शिक्षणात मागे नाही. नाशिक जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना १९१४ ची, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची. हं. प्रा. ठा. महाविद्यालय शंभरी ओलांडून गेलं. के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ पासून उभं आहे. दोन राज्य विद्यापीठांची मुख्यालयं इथे आहेत: गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. त्र्यंबक रस्त्यावर खासगी विद्यापीठ आहे. दिंडोरी तालुक्यात शिवनईला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. पण यांतलं एक राज्य विद्यापीठ दूरशिक्षणाचं आहे, दुसरं प्रामुख्याने संलग्नतेचं. मूलभूत विज्ञानाचे मोठे विभाग, तिथे दिवसरात्र चालणाऱ्या प्रयोगशाळा आणि त्यांत पूर्णवेळ संशोधक, असं विद्यापीठ नाशिकला नाही. ते पुण्याला आहे. नाशिकचं संशोधन संलग्न महाविद्यालयांतल्या संशोधन केंद्रांवर उभं आहे, आणि ही केंद्रं उभी आहेत तिथल्या कायम प्राध्यापकांवर.

म्हणून जाहिरातीकडे बघू. नाशिकमध्ये एम.एस्सी. किंवा एम.ई. होऊन संशोधनात राहू पाहणाऱ्या मुलामुलीसमोर साधारण तीन प्रकारच्या जाहिराती येतात.

पहिली प्रकल्पातली जागा. एखाद्या प्राध्यापकाला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून किंवा अशाच एखाद्या संस्थेकडून प्रकल्प मिळतो. त्यात कनिष्ठ संशोधन छात्राची, म्हणजे जेआरएफची एक जागा असते. १ जानेवारी २०२३ पासून या वृत्तीची रक्कम महिना ३७,००० रुपये आहे, वरिष्ठ छात्राला ४२,०००. घरभाडं शहराच्या श्रेणीवर: पुणे एक्स श्रेणीत, नाशिक वाय श्रेणीत. नाशिकसारख्या शहरात या पैशात एकटा माणूस नीट राहून काम करू शकतो, हे मान्य करायला हवं. पण जाहिरातीत तळाला एक वाक्य असतंच: पद निव्वळ तात्पुरतं आहे, प्रकल्पाबरोबर संपेल आणि कायम नियुक्तीचा हक्क सांगता येणार नाही. प्रकल्प तीन वर्षांचा. नवी पद्धत बसवण्यात, रसायनं आणि उपकरणं मागवण्यात, ती येण्याची वाट पाहण्यात पहिलं वर्ष जातं. काम हाताला लागतं न लागतं तोच मुदत संपते. छात्र जातो आणि त्याच्याबरोबर त्या उपकरणावरचा हातही जातो. पुढच्या प्रकल्पात नवा मुलगा पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी जाहिरात तासिका तत्त्वावरची, सगळ्यांच्या तोंडी असलेली सीएचबी. जून-जुलैत महाविद्यालयांच्या फलकावर आणि वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ती येते. शिकवलेल्या तासांचे पैसे, शैक्षणिक वर्षापुरती नेमणूक, सुट्टीत काही नाही आणि आठवड्याला किती तास द्यायचे यावर मर्यादा. एका ठिकाणच्या तासांत घर चालत नाही, म्हणून सकाळी गंगापूर रोडवर, दुपारी निफाडला किंवा सिन्नरला, संध्याकाळी क्लासमध्ये. मानधन महिन्याच्या महिन्याला हातात पडेलच असं नाही. ही माणसं पीएच.डी. झालेली असतात किंवा होऊ घातलेली असतात. नेट-सेट उत्तीर्ण असतात. त्यांना प्रयोगशाळेत टेबल नसतं, कपाटाची किल्ली नसते, शोधनिबंधावर लिहायला पुढच्या वर्षीचा पत्ता नसतो. पदव्युत्तर वर्गांचे तास मात्र त्यांच्यावर चाललेले असतात.

तिसरी जाहिरात खरी: अनुदानित महाविद्यालयातला पूर्णवेळ सहायक प्राध्यापक. सातव्या वेतन आयोगानुसार शैक्षणिक स्तर १०, मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून. ‘जागा निघाली’ असं म्हणतात ते हिच्याबद्दल. पण ती निघण्याआधी किती दारं उघडावी लागतात! कार्यभार तपासून घ्यायचा, बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून प्रमाणित करायची, शासनाचं ना हरकत प्रमाणपत्र आणायचं, जाहिरातीचा मसुदा विद्यापीठाकडून मंजूर करून घ्यायचा. मग जाहिरात, छाननी, कुलगुरूंच्या प्रतिनिधीसह निवड समिती, मुलाखत आणि शेवटी नियुक्तीला विद्यापीठाची मान्यता. यातली प्रत्येक पायरी कशासाठी आहे हे कळतं, आणि आरक्षणाची पायरी तर काटेकोरच हवी. पण एका पायरीवर फाइल अडली की वर्ष जातं.

त्यातही अख्खा दरवाजाच बंद होण्याची वेळ राज्याने पाहिली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने अनुदानित महाविद्यालयांतल्या रिक्त पदांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या पदांना मंजुरी दिली. ती भरती अर्ध्यावरही गेली नव्हती तोच करोना आला. ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या निर्णयाने नवी भरती थांबली. उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा परवानगी मिळाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. म्हणजे २०१८ च्या हिशोबातल्या चाळीस टक्क्यांमधलाच उरलेला वाटा तीन वर्षांनी मोकळा झाला. दरम्यान साठी गाठलेले प्राध्यापक निवृत्त होतच होते. निवृत्ती दरवर्षी होते, भरतीची परवानगी मात्र कधीतरी मिळते. सगळ्या दुखण्याचं मूळ मला इथे दिसतं.

या तिसऱ्या जाहिरातीसाठी उमेदवार जी फाइल घेऊन येतो, ती कधी उघडून पाहा. दहावीपासूनच्या गुणपत्रिका. सेट किंवा नेटचं प्रमाणपत्र. पीएच.डी.ची अधिसूचना, आणि ती कोणत्या नियमावलीप्रमाणे झाली याचा विद्यापीठाचा दाखला. जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास. सीएचबीचे अनुभव दाखले, प्रत्येक महाविद्यालयाचे वेगळे, वर्षावर्षाचे. कार्यरत असेल तर तिथलं ना हरकत पत्र. आणि सगळ्यात शेवटी, स्पायरल बायंडिंग करून, शोधनिबंधांच्या प्रती. क्रमसुद्धा बोलका आहे, कारण छाननीतही शोधनिबंधांची किंमत जवळपास शेवटचीच आहे.

हे मी मनाने म्हणत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयांतल्या सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीचा तक्ता आहे. पदवीला ८० टक्क्यांहून जास्त गुण असतील तर २१ गुण. पदव्युत्तरला जास्तीत जास्त २५, पीएच.डी.ला २५. जेआरएफसह नेट असेल तर १०, नुसती नेट ८, सेट ५. अध्यापनाच्या किंवा पोस्टडॉकच्या अनुभवाला जास्तीत जास्त १०. आणि शोधनिबंधांना? प्रत्येकी २, जास्तीत जास्त ६. म्हणजे तीन निबंध झाले की पुढचे दहा लिहिले काय आणि न लिहिले काय, छाननीत काही फरक नाही. विसाव्या वर्षी पदवीला मिळालेले गुण हे पुढच्या दहा वर्षांच्या संशोधनापेक्षा साडेतीनपट भारी. विद्यापीठ विभागांच्या तक्त्यात निबंधांना १० गुण आहेत, तिथेही चित्र फार वेगळं नाही. हा तक्ता फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते ठरवतो, अंतिम निवड मुलाखतीवर, हे खरं. पण मुलाखतीला बोलावणंच आलं नाही तर तुमचा चौदावा निबंध कुणी वाचायचा?

आणि मुलाखतीबद्दल नाशिकमध्ये कुठल्याही चहाच्या टपरीवर जे बोललं जातं, ते मीही टाळून पुढे जात नाही. जागा निघाली की गुणवत्तेच्या आधी आकड्यांची कुजबूज सुरू होते. कुठे खरं, कुठे खोटं, ज्याचं त्याला ठाऊक. मात्र ज्या मुलाने सहा वर्षं रसायनांच्या वाफेत घालवली त्याला मुलाखतीच्या आधी घरचे ‘शेतीचा तुकडा काढायचा का?’ असं विचारतात, तेव्हा ती कुजबूज त्या घरात खरीच झालेली असते. प्रत्येक उमेदवाराचे छाननी गुण आणि निवडीचे निकष संस्थेने संकेतस्थळावर टाकले तर यातलं बरंचसं थांबेल. त्याला पैसा लागत नाही.

नियम बदलण्याचाही फटका या पिढीने खाल्ला. विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापक व्हायचं तर जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची, असं २०१८ च्या नियमावलीने सांगितलं. अनेकांनी नोकऱ्या सोडून प्रवेश घेतले. मग ती तारीख जुलै २०२३ पर्यंत पुढे गेली. आणि ती तारीख उजाडली तेव्हा आयोगाने दुरुस्ती करून नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता ठेवली. निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. पण पाच वर्षांत तीन वेळा दिशा बदलली की तिशीच्या माणसाचं आयुष्य हलतं.

आता नाशिकची खास गोष्ट. संशोधनाला विषय नाही म्हणून इथे माणसं नकोत, असं कुणी म्हणू शकेल का? निफाडजवळच्या कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. तिथून निघालेल्या गव्हाच्या वाणांची नावं आहेत त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. महाराष्ट्रभर शेतकरी ती पेरतात. चितेगाव फाट्यावरच्या राष्ट्रीय बागवानी प्रतिष्ठानाने कांद्याचे वाण दिले. दिंडोरी रस्त्यावर ‘मेरी’, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ पासून धरणांची, मातीची, बांधकाम साहित्याची तपासणी करते. भूकंपाच्या नोंदी ठेवते. ओझरला विमानांचा कारखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, सातपूर-अंबडला यंत्रांचे भाग बनवणारे शेकडो कारखाने. आणि गोदावरी, जिच्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न दर सिंहस्थाला नव्याने उभा राहतो.

द्राक्षाचं उदाहरण तर प्रत्येक बागायतदाराला पाठ आहे. २०१० साली युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागेत ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढनियंत्रकाचे अंश सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. त्या मोसमात जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी कर्ज डोक्यावर घेतलं. उर्वरित अंशाचं रसायनशास्त्र हा विषय त्या वर्षी नाशिकला पैशांत समजला. पण द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र मांजरीला, पुण्याजवळ, दोनशेहून अधिक किलोमीटरवर. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होणारी मुलंमुली नाशिकच्या महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडतात. उर्वरित अंशावर वर्षानुवर्षं काम करणारी, कायम पगाराची दहा माणसं जर या महाविद्यालयांत असती, तर पिंपळगावच्या शेतकऱ्याला आणि त्या मुलांना, दोघांनाही त्याचा उपयोग झाला असता.

कृषी विद्यापीठांत निदान ‘वरिष्ठ संशोधन सहायक’, ‘कनिष्ठ संशोधन सहायक’ अशी पदं तरी आहेत. नावातच संशोधन. ‘मेरी’त बहुतांशी जलसंपदा विभागाचे अभियंते बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. महाविद्यालयांत तर संशोधक नावाचं पदच नाही. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन करायचं, परीक्षा, नॅकची कागदपत्रं, प्रवेश समित्या सांभाळायच्या आणि उरलेल्या वेळात संशोधन. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत ओढ वेगळीच आहे. प्रवेश संगणक शाखेकडे वळले तसे जागाही तिकडेच वळल्या. कारखान्यांच्या शहरात यंत्र आणि स्थापत्य शाखेच्या पीएच.डी. झालेल्या माणसाला आज फार कमी जाहिराती दिसतात.

कायम पद रिकामं राहिलं की नुसती एक नोकरी अडत नाही. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे मार्गदर्शक कायम अध्यापकच हवा. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली की नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे एक ज्येष्ठ प्राध्यापक निवृत्त होण्याच्या तीन वर्षं आधीपासूनच त्या केंद्रातल्या आठ जागा आटायला लागतात. त्याची जागा पाच वर्षं भरली गेली नाही तर सीएचबीवरचा कितीही हुशार माणूस त्या जागा चालवू शकत नाही. विषय तिथे संपतो. सूक्ष्मजीवशास्त्राचा असेल, पदार्थविज्ञानाचा असेल, प्रयोगशाळा असते, उपकरणाला झाकण घातलेलं असतं आणि मार्गदर्शक नसतो.

मग मुलं जातात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून पातळ थरांवर काम केलेल्या मुलांचा दक्षिण कोरियाचा रस्ता जुना आहे. नाशिकची मुलं जर्मनी, तैवान, कोरिया अशी पांगतात. तिकडेही सगळं सुखाचं नाही. मुदतीच्या करारांना कंटाळून जर्मनीतल्या तरुण संशोधकांनी २०२१ साली मोठा आवाज उठवला. फरक इतकाच की तिथे करार संपेपर्यंत पगार दर महिन्याला येतो आणि यंत्र चालू असतं. जाणाऱ्याला दोष द्यावा असं मला कधीच वाटलं नाही. परत यायचं म्हणणाऱ्याला आपण काय दाखवणार, हे मात्र वाटतं.

आता वेळही फार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम २०२४-२५ पासून सुरू झाला. त्या मुलांचं चौथं वर्ष २०२७-२८ मध्ये येईल. ज्यांचे गुण चांगले आहेत त्यांना त्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ निवडता येईल, म्हणजे पदवीच्या पातळीवर प्रकल्प आणि प्रबंध. त्या मुलांना मार्गदर्शन कोण करणार? सकाळी गंगापूर रोड आणि दुपारी सिन्नर करणारा माणूस? त्याच्यात कुवत आहे, पण त्याला टेबल तरी द्या.

शासनाने भरतीची परवानगी पाच-सात वर्षांनी एकदा देण्यापेक्षा दरवर्षी त्या वर्षीच्या निवृत्तीएवढी पदं आपोआप भरू द्यावीत. संस्थाचालकांनी आपापल्या महाविद्यालयात मंजूर पदं किती, भरलेली किती, सीएचबीवर किती हे फलकावर लावावं. सातपूर-अंबडच्या उद्योजकांनी आणि द्राक्ष निर्यातदारांनी एखादी कमान किंवा सभागृह देण्याऐवजी एका संशोधकाचा पाच वर्षांचा पगार द्यावा. आणि तुम्ही, ज्यांच्या घरात पुढच्या जूनमध्ये कुणी विज्ञानाला किंवा अभियांत्रिकीला प्रवेश घेणार आहे, शुल्क भरण्याआधी प्राचार्यांना एवढं विचारा: या विभागात पूर्णवेळ कायम अध्यापक किती आणि पीएच.डी.चे मार्गदर्शक किती? उत्तर लेखी मागा.